नर्मदेची आखूड दुनळी

माझा धाकटा भाऊ महादू सन १९८१ मध्ये तापाने वारला. त्याची पत्नी नर्मदा हिच्याविषयी मी येथे लिहीत आहे. ती हयात आहे, परंतु स्वतःविषयी बोलण्याची तिला सवय नाही, म्हणून हे काम मी पत्करले. यातील माझी वागणूक मी लपवलेली नाही.

आमचे घर कुणकेश्वरापासून दीड कोसावर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली पाटाच्या पाण्यावर उन्हाळी भात होते, त्याला वायंगण म्हणतात. महादूच्या वाटणीचे तीन कुणगे, म्हणजे शेताचे तीन लहान तुकडे, हेच नर्मदेचे वर्षाचे पोट होते. मार्चमध्ये दाणा भरू लागला की रानडुकरे करवंदीच्या जाळीतून खाली उतरतात आणि कुणगा नांगरल्यासारखा करून जातात. घरात परवान्याची बंदूक नसलेला माणूस आमच्याकडे वायंगणाच्या वाटेला जात नाही.

महादूची ठासणीची बंदूक त्याच्या मरणानंतर ठाण्यात जमा झाली. परवाना माझ्या नावावर होईल असे मी धरून चाललो होतो. नर्मदेने मला न विचारता स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि १९८२ मध्ये तिला परवाना मिळाला. तोपर्यंत खाऱ्या हवेने जुन्या बंदुकीची नळी आतून खाऊन टाकली होती. ती निकामी ठरली व दुसरी घेणे भाग पडले. मी रागावलेला होतो, तरीही वडील दीर या नात्याने तिच्याबरोबर कोल्हापूरला गेलो.

दुकानात मी बत्तीस इंची नळीची बंदूक पुढे ओढली. लांब नळीचा मार लांब, असे माझे मत होते. नर्मदेने ती खांद्याला लावून पाहिली आणि परत ठेवली. मग तिने वापरलेली, सव्वीस इंची, दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली बंदूक मागितली. ही नळी कोणी कापून आखूड केली आहे काय, हे तिने प्रथम विचारले. तशी बंदूक बाळगणे गुन्हा आहे हे तिला ठाऊक होते. दुकानदाराने कारखान्याचा शिक्का आणि कागदावरचे माप दाखवले.

त्यानंतर तिने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. असे चार वेळा केले. चारही वेळा नळीचे टोक तिच्या नजरेसमोरच होते, म्हणजे बंदूक तिच्या अंगाला बसत होती. बंदूक मधून मोडून उघडली, पुन्हा बंद केली आणि कानाजवळ हलवली. सांध्यात खडखड नव्हती. नळ्या सुट्या करून दोरीला टांगायला लावल्या आणि बोटाच्या पेराने वाजवल्या. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. दोन नळ्यांमधील जोड पक्का असल्याची ती खूण होती. शेवटी ती दारात गेली आणि उजेडाकडे धरून एकेक नळीत बराच वेळ पाहत राहिली. दुकानातील माणसे तिच्याकडे पाहत होती. मला लाज वाटली.

"अर्धी बंदूक घेतलंस, अर्धोच डुकर मरतलो," मी म्हणालो.

"अर्धो मेलो तरी माझ्या कुणग्यात येवचो नाय, भावोजी," ती म्हणाली.

करवंदीच्या अरुंद वाटेने जाताना लांब नळी फांद्यांत अडकते, हे तिने मला परतीच्या गाडीत सांगितले.

बंदुकीची निगा तिने जशी राखली तशी आमच्या वाडीत कोणी राखली नाही. आम्ही सर्वजण खोबरेल लावीत असू. थंडीत ते थिजते आणि घोड्याच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोडीच्या, कळीत चिकटून बसते. ती शिंप्याकडून शिलाई यंत्राचे तेल आणीत असे. बार काढल्यावर त्याच दिवशी पितळी तारेचा ब्रश, मग कोरडे फडके, मग तेलाचे फक्त एक बोट. कातडी म्यान ओल धरते म्हणून तिने ते वापरले नाही. जुन्या सुती लुगड्यात बंदूक गुंडाळून भिंतीपासून दूर ठेवली. बंदूक बरेच दिवस ठेवायची असेल तर दोन्ही नळ्यांच्या तोंडात तेलकट चिंधीचे बोळे बसवी. प्रत्येक बोळ्याला लाल दोरा लोंबत असे. दोरा दिसला की नळी बंद आहे हे कळावे, हा त्यातील हेतू.

डिसेंबर १९८४ मध्ये निवडणुकीसाठी सर्व बंदुका ठाण्यात जमा झाल्या. पाठोपाठ विधानसभेची निवडणूक आली, म्हणून त्या मार्चपर्यंत तेथेच राहिल्या. याच काळात तिच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि मी तालुक्याला हरकतीचा अर्ज दिला. स्त्रीस बंदुकीची देखभाल करता येत नाही, सबब परवाना रद्द करावा, असे त्यात लिहिले होते. सुनावणी सोमवारी होती. परवाना गेला तर वायंगण गेले, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

आदल्या शनिवारी बंदुका परत मिळाल्या. घरचा पुरुष म्हणून मी तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. हवालदाराने बंदूक पुढे केली तेव्हा डाव्या नळीतून लाल दोरा लोंबत होता. उजव्या नळीत बोळा नव्हता.

"एक बोळो खंय गेलो?" ती म्हणाली. "नळी बघूक होयी."

"घराक जावन बघ. गाडी चुकात," मी म्हणालो. "हवालदारापेक्षा तुकाच जास्त कळता काय?"

ठाण्यातील माणसे हसली. तिने बंदूक लुगड्यात गुंडाळली.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. नर्मदा माळ्यावरून साफ करण्याचा गज काढण्यास शिडी चढली, तोच शेजारची तुळसा पाटाकडून ओरडत आली की डुकरे कुणग्यात शिरली. मी बंदूक उचलली, दोरा ओढून डाव्या नळीचा बोळा काढला, दोन्ही नळ्यांत काडतुसे घातली आणि धावलो. उजवीकडे दोरा नव्हताच. म्हणजे ती नळी मोकळी, असे मी समजलो.

मधल्या कुणग्यात पाच डुकरे होती. पुढचा मोठा नर मान वर करून माझ्याकडे पाहू लागला. आमच्यात वीस पावले असतील. मी उजवा घोडा ताणला. मागून नर्मदा आली. तिने आरडाओरडा केला नाही. तिने घोड्याच्या खाली स्वतःचा अंगठा घातला.

"भावोजी, आदी मोडा ती."

"गो, डुकरां भात खातत आणि तू माका शिकवतंस?"

"भात जावंदे. तुमचो हात रवाक होयो."

नर एक पाऊल पुढे आला. तिचा अंगठा हलला नाही. मी घोडा हळूच उतरवला, बंदूक मधून मोडून उघडली आणि तिच्या हाती दिली. तिने काडतुसे काढली व नळ्या मावळत्या उजेडाकडे धरल्या. मीही तिच्या खांद्यावरून पाहिले. डाव्या नळीत उजेडाचे गोल कडे दिसले. उजवी काळी होती.

तिने डाव्या नळीत एकच काडतूस घातले आणि आकाशाकडे बार काढला. डुकरे भात तुडवीत जाळीत पळाली. मधला कुणगा निम्मा गेला होता.

ओटीवर बसून तिने उजव्या नळीत गज घातला. केळीच्या पानावर वाळलेल्या चिखलाचे तुकडे पडले आणि त्यांत मेलेले बारीक कोळी. कुंभारीण माशीने नळीच्या मध्यावर घर बांधले होते. तो बार उडाला असता तर नळी माझ्या डाव्या हाताखालीच फुटली असती. मी तो हात उलटसुलट करून पाहत राहिलो. नर्मदा फडक्याला तेल लावीत होती.

सोमवारी आम्ही एकाच गाडीने तालुक्याला गेलो. तिच्याकडे तपासणीसाठी बंदूक होती आणि माझ्या पिशवीत केळीच्या पानाची पुडी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला आणि मला आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारले. मी पुडी टेबलावर सोडली आणि शनिवारचा प्रकार सांगितला. कचेरीत बोलायची भाषा त्या वेळी मला सुचली नाही.

"देखभाल तिका येता, सायबानू. माका येना नाय."

साहेबांनी माझ्या अर्जावर आडवी रेघ मारली. परवान्यावर तीन वर्षांचा शिक्का पडला आणि कारकुनाने बंदूक तपासून परत दिली.

मी पायऱ्या उतरलो. गाडी उभी होती आणि वाहक घंटी मारण्याच्या बेतात होता. मागे वळून पाहिले तर नर्मदा कचेरीच्या दारात थांबली होती. तिने बंदूक मोडली, उजेडाकडे धरली आणि आधी डाव्या, मग उजव्या नळीतून सावकाश पाहू लागली.

गाडी सुटली. पुढची साडेचारला होती. मी पायरीवर बसून राहिलो.