मामाजींची सोनेगावची जीप

भंडारा गावातून त्या काळी जितकी माणसं वर गेली, तितकी सगळी माझ्या चुलतबहिणीच्या सासऱ्यांनी पाठवली. हे वाक्य ऐकून परगावचा माणूस दचकतो, म्हणून लगेच पुढचं सांगतो. त्यांनी ती जीपमध्ये घालून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नेऊन पाठवली, आणि बहुतेक सगळी चार-आठ दिवसांत मिठाईचे पुडे घेऊन धडधाकट परत आली. आमच्या ताईनं सासऱ्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणायला सुरुवात केली, तिचं ऐकून शेजारी म्हणू लागले, शेजाऱ्यांचं ऐकून सगळी बाजारपेठ. शेवटी वरठीच्या कारखान्यातले पुण्याकडून आलेले साहेब, ज्यांनी स्वतःच्या सख्ख्या मामाला कधी पोस्टकार्ड टाकलं नसेल, तेही ‘मामाजी, उद्या माझी एक जागा धरा’ असा निरोप पाठवू लागले.

मामाजींची हयात तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीत ट्रक चालवण्यात गेली होती. खाणीनं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी निवृत्तीच्या वेळी घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा उद्योग मांडला. तेव्हा विमानानं जाणारे म्हणजे कारखान्याचे साहेब, बिडीवाले आणि पितळी भांड्यांचे व्यापारी. एकेकट्यानं टॅक्सी करून नागपूर गाठणं जिवावर यायचं, म्हणून मामाजींनी त्यांची मोट बांधली. जीपला दारं नव्हती, ताडपत्री होती, तीही एकाच बाजूला धड. प्रत्येकाला त्याच्या घरून उचलायचं, आणि प्रत्येक घरी उतरून चहा घ्यायचा, हा नियम होता. कुणी घाई केली तर ते शांतपणे म्हणत, “चहा न घेता निंगालो तं घरच्याइले वाटते, मानूस पळून चालला.” सात घरी सात कप झाल्यावर जीप नागपूरच्या वाटेवर मौद्याच्या अलीकडे बाभळीच्या आड का थांबायची, हे वेगळं सांगायला नको.

विमानाबद्दल त्यांची एक पक्की समजूत होती. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एसटी ओळखीच्या माणसासाठी थांबते, तेव्हा विमानही माणसं बसल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांना मनापासून वाटे. साहेबांनी एकदा त्यांना वेळापत्रक समजावून सांगायचा प्रयत्न केला. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टाइम लिहा लागते जी, कागद कोरा कसा ठेवतीन? पन मानसं रस्त्यात हायेत म्हनल्यावर कोन टाकून जाते?” साहेबांनी कपाळाला हात लावला. कुणाला टाकून जाणं ही गोष्टच मामाजींच्या हिशेबात नव्हती. त्यामुळे कुणाचं धोतर वाळायचं राहिलं असेल, कुणाची पूजा आटपायची असेल, तर जीप दारात उभी राहायची आणि आतले सहा जण मनात मामाजींचा उद्धार करत बसायचे.

माणसं पोचवून झाली की मामाजी विमानतळाच्या कुंपणापाशी टोपी काढून उभे राहत. विमान उडून ठिपका होईपर्यंत हलत नसत. मग भंडाऱ्याला परत येऊन ज्या ज्या घरून माणूस उचलला, त्या त्या घरी जात आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगत, “बसले. खिडकीजवळ.” सगळ्यांनाच खिडकी मिळेल एवढं विमान लांब नव्हतं, पण मामाजींच्या विमानात मधली जागाच नव्हती. स्वतः ते कधी बसले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणत, “मी बसलो तं घरी सांगाले कोन जाईन?”

या सगळ्याची टिंगल करण्यात मी सर्वांच्या पुढे होतो. मी लाखांदूरच्या शाळेत मास्तर. भंडाऱ्याला गेलो की ताईच्या स्वयंपाकघरात बसून मामाजींची नक्कल करायचो, आणि ताई तोंडाला पदर लावून हसायची.

मग एका दुपारी मला शाळेत तार आली. वडील माझ्या भावाकडे मुंबईला उपचारासाठी गेले होते. परवा सकाळी ऑपरेशन, मोठं आहे, बाबा तुझी वाट बघताहेत, एवढंच तारेत होतं. त्या दिवशीची भंडाऱ्याची शेवटची बस निघून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेनं गेलो असतो तर ऑपरेशन उरकल्यावर पोचलो असतो. मी भंडाऱ्याला फोनवरून निरोप धाडला, ताईच्या नवऱ्यानं नागपूरला धावपळ करून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बाराच्या विमानाचं तिकीट काढलं. ठरलं असं, की मी पहाटेच्या बसनं साडेआठाला भंडाऱ्यात उतरायचं आणि मामाजींच्या जीपमध्ये बसायचं. बस पवनी सोडून अड्याळच्या अलीकडे आली आणि एका नाल्यापाशी कायमची बसली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि विडी पेटवली, तेव्हाच मी समजलो. रस्त्यावर दुसरं वाहन नाही, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. वडिलांना आता काय वाटत असेल, या एका विचारापलीकडे डोकं जात नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून नुसता रस्त्याकडे बघत राहिलो.

आणि भंडाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे नागपूरकडे चक्क पाठ फिरवून येताना, ती जीपची एका बाजूची ताडपत्री फडफडताना दिसली.

आत सहा माणसं होती. नंतर कळलं ते असं, की मामाजींनी नऊपर्यंत वाट पाहिली, मग “बस येऊन नाई राहिली, तं आपूनच बसकडे जाऊ” एवढं स्वतःशीच पुटपुटून गाडी पवनीच्या रस्त्याला घातली. बाकीच्यांना वाटलं, वाटेत कुणाकडे चहा राहिला असेल. साहेबांनी पवनीचा मैलाचा दगड वाचला तेव्हा कुठे बोंब झाली. मी जीपपाशी गेलो तर साहेबांचा चेहरा लालबुंद, आणि भांड्यांचे व्यापारी नमुन्याची, पाणी भरायची पितळी गुंडं मांडीवर धरून डोळे मिटून बसलेले.

“मामाजी, तुम्ही सहा जणांचं विमान घालवलंत,” साहेब म्हणाले. “माझी मीटिंग बुडाली.”

“मास्तरच्या बापाचं आपरेशन हाये जी,” मामाजी म्हणाले. “सरका थोडं.”

साहेब सरकले, आणि माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या पायाशी घेतली.

त्या दिवशी पहिल्यांदाच जीप मौद्याला थांबली नाही. तरी सोनेगावला पोचेपर्यंत साडेबारा झाले होते. मी धावत पायऱ्या चढलो. आत गेलो, तर खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, की विमान मागून यायलाच उशीर झालाय, आत्ता उतरेल. मी बाहेर येऊन मामाजींना हे सांगितलं. त्यांना त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. “मी तं सांगतच होतो,” ते म्हणाले, “थांबते म्हनून.” साहेब माझ्या शेजारी उभे होते. वेळापत्रकाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो. वडील जागे होते. आम्ही गावातल्या बोडीतल्या पाण्याची, यंदाच्या धानाची, माझ्या लहानपणीच्या एका चोरीची गोष्ट बोललो आणि हसलोही. दुसऱ्या दिवशी ते ऑपरेशनमधून उठले नाहीत. पण ती एक संध्याकाळ माझ्यापाशी आहे. ती मला मामाजींनी दिली, आणि तिच्याएवढं मोठं आयुष्यात मला दुसरं कुणी काही दिलेलं नाही. मी पुढे त्यांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी “चहा घ्या” म्हणून विषय तोडला. नक्कल मात्र मी त्यानंतर कधी केली नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी एका सकाळी मामाजी गेल्याचा निरोप लाखांदूरला आला. मी मिळेल त्या बसनं निघालो, आणि बस नेहमीप्रमाणे रखडली. भंडाऱ्यात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. माती उरकली असणार, असं धरूनच मी गल्लीत वळलो. तर दारात तिरडी तशीच, आणि भोवती अख्खी बाजारपेठ उभी. दुपारी कुणी वडीलधारे ‘किती वेळ ठेवायचं’ म्हणून कुरकुरले होते. ताई आतून म्हणाली, “माहा भाऊ रस्त्यात हाये.” आणि निवृत्त होऊन पुण्याला गेलेले, मामाजींचं आजारपण कळून दोन दिवस आधीच मुद्दाम आलेले साहेब त्या म्हाताऱ्यांना म्हणाले होते, “थांबू या. यांच्याबरोबर थांबायची आम्हाला सवय आहे.”

वैनगंगेवरून परतलो तेव्हा ताईच्या सासूबाई दाराशी बसल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी मामाजींची वाट याच जागी बसून पाहिलेली. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “झालं सगडं नीट?”

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. दुसरं काही मला सुचलंच नाही.

“बसले,” मी म्हणालो. “खिडकीजवळ.”

त्यांनी मान हलवली, पदरानं डोळे पुसले, आणि पाण्याची बादली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “पाय धुवून घ्या, मास्तर.”