मधली खाच

आमच्या मामाचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघ'ने सुरू होतं. तहान लागली तरी "म्हणजे बघ, जरा पाणी आण." सौर पॅनलचे स्टँड बनवणाऱ्या कारखान्यात तो बावीस वर्षं वेल्डर आहे, आणि तिथे त्याचं नावच 'म्हणजेबघ' पडलंय.

सुरुवातीला एका पत्र्याच्या शेडमध्ये मालक आणि मामा दोघंच होते. रोज नवं काहीतरी करायचे, त्यातलं निम्मं मोडायचं. मग सरकारी अनुदान आलं. त्यांचा एक स्टँड तपासून मान्य झाला. हुबेहूब तसाच बनवला तर गिऱ्हाइकाच्या वतीने निम्मी किंमत सरकार भरणार. एका शेडच्या तीन झाल्या आणि नवं करणं थांबलं. मालक चष्मा पुसत म्हणायचे, "आहे ते खपतंय ना? मग कशाला नसती उठाठेव?"

मामाला चैन पडेना. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, स्टँड मात्र बारा महिने एकाच कोनात ताठ. त्याने स्टँडच्या पायाला मागून बिजागरी आणि तीन खाचांची पट्टी लावली. थंडीत पट्टी एक खाच वर सरकवली की झालं. घरच्या गच्चीवर वर्षभर लावून पाहिलं, वीज चांगलीच वाढली. मग त्याने मालकांचं डोकं खायला सुरुवात केली.

शेवटी मालक कंटाळले. "असे चाळीस स्टँड कर. मधल्या खाचेवर ठेव, कोन मान्य नमुन्याइतकाच येतो. गिऱ्हाइकांना आवडले तर नवा नमुना तपासायला पाठवू. सरकारी तपासनीस नुसता कोन मोजून जातो. तू फक्त तोंड उघडू नकोस."

"म्हणजे बघा, मी कशाला बोलू?"

तपासनीस आले. प्रत्येक स्टँडला कोनमापक लावायचे आणि नाकातून म्हणायचे, "ठीक. ठीक." चाळीसावाही ठीक निघाला. सहीसाठी पेनाचं टोपण काढता काढता ते सहज म्हणाले, "काम सफाईदार आहे हं. कुणी केलं?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे बघा साहेब," मामा पुढे झाला, "हे तर काहीच नाही." आणि त्याने पट्टी उचलून खट्‌कन खाच बदलली.

तपासनिसांनी वाकून पाहिलं. चेहरा खुलला. "अरे वा. छान आहे." मग हळूच पेनाला टोपण लावलं. "पण हे मान्य नमुन्यात नाही. नव्या तपासणीला दीड वर्ष लागेल, तोवर कारखान्याचं सगळंच अनुदान बंद. नाहीतर शुक्रवारपर्यंत ह्या बिजागऱ्या वेल्डिंगने पक्क्या बंद करा."

मालक मामाला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आपलं ठरलं होतं."

दीड वर्ष अनुदानाशिवाय तीन शेड चालणार नव्हत्या. दुसऱ्या कुणी वेल्डिंग केलं असतं तर ओबडधोबड झालं असतं, म्हणून चाळीसही बिजागऱ्या मामाने स्वतःच्या हाताने बंद केल्या. शुक्रवारी तपासनिसांनी एकेक स्टँड हलवून पाहिला. "भक्कम. आता नाही हलायचा."

"नाही साहेब," मामा म्हणाला. आधी 'म्हणजे बघा' आलं नाही.

थंडी पडली. गच्चीवरचा पहिला स्टँड अजून उन्हाळ्याच्याच खाचेवर आहे. मामी परवा म्हणाली, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे, सरकवा ना ते."

"राहू दे," मामा म्हणाला, आणि कूस बदलून पडून राहिला.