कूलरवाल्याचा जामीन

"मांजरीनं दूध प्यायलं, हा आरोप झाला. सिद्ध कुठं झालंय?" काका म्हणाले.

"मिशांना साय आहे," काकू म्हणाल्या. मांजर त्यांनी न्हाणीघरात कोंडली होती.

"असू दे. चौकशी होईपर्यंत कोंडायचं कशाला? पळणार कुठं ती? सिलिंडरमागं पिल्लं आहेत तिची."

काकूंनी कडी काढली. युक्तिवाद पटला म्हणून नव्हे, आंघोळीला उशीर होत होता म्हणून.

माझ्या वडिलांच्या या चुलतभावाइतका माणसांवर विश्वास टाकणारा वकील अख्ख्या हैदराबादेत नसेल. काका फौजदारी वकील, आणि गोडी फक्त जामिनाची. "खटला चालेल तेव्हा चालेल, तोवर माणूस आत कशाला?" हे ते हिमायतनगरच्या भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवत. रिक्षावाल्यानं लांबून फिरवलं तर तेच त्याची समजूत काढत, "मियाँ, उधर रस्ता खुदा हुआ होगा." बारावीत माझे गणिताचे मार्क पाहून बाबा भडकले, तेव्हा रिचेकिंग होईपर्यंत पोरीला काही बोलायचं नक्को, असा हुकूम त्यांनी दिला. रिचेकिंगमध्ये मार्क आणखी कमी झाले. काका डगमगले नाहीत.

जामिनाचा अर्ज लिहिण्याआधी ते आरोपीच्या घरी जाऊन चहा पीत. तिथं त्याची वाट कोण पाहतंय, काय पाहतंय, हे बघत. बाकीचे वकील निकालपत्रं वाचत, काका कोर्टाला आरोपी शिंप्याच्या घरी अर्धवट शिवून पडलेल्या ब्लाउजबद्दल सांगत. मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले तेव्हा मला सोयीचंच झालं. बोलायचं त्यांनी, फायली मी धरायच्या.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाच्या जागी नुसती कुजबुज उरली.

त्यानंतरची पहिली केस गौलीगुड्यातल्या एका कूलर दुरुस्तीवाल्याची. वरातीतल्या मारामारीत एक जण मेला आणि खुनाच्या आरोपाखाली हा आत गेला. दोन उन्हाळे उलटले, खटला सुरूच झाला नव्हता. त्याची आई आम्हाला चहा देत म्हणाली, "वकीलसाब, माझं पोरगं पळतंय कुठं? सिकंदराबादला जायचं तरी सोबत कोण येतंय बघतंय." दुकानात कूलर उघडे पडले होते. गिऱ्हाइकं ते दुसरीकडे न्यायला तयार नव्हती. काका खूश झाले. त्याची वाट पाहणारी माणसं कोर्टात आण, असं त्यांनी तिच्या कानात सांगितलं.

तिला वाटलं, गिऱ्हाइकं. तारखेला कॉरिडॉरमध्ये घामाघूम माणसांची रांगच उभी, आणि त्यातले एक चाचा शिपायाला विचारताहेत, "साब, हमारा कूलर कब छूटेगा?" काकांना हसू आवरेना, पण त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

आत सरकारी वकील म्हणाले, गुन्हा गंभीर आहे, आरोपी फरार होईल. काका उठले. जज म्हणाले, मोठ्यानं बोला. काका पुन्हा बोलले. जजनी कानाला हात लावला. मागच्या बाकावर कूलरवाल्याच्या आईनं पदर तोंडाशी धरला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

त्या दिवशी जामीन मिळाला. चाचांचा कूलरही पुढं दुरुस्त झाला. काका मात्र पुन्हा कधी कोर्टात उभे राहिले नाहीत. हल्ली ते गॅलरीत बसतात आणि खाली भांडण लागलं की नुसते ओठ हलवतात. मला अजून त्या दिवशी कोर्टात हललेले त्यांचे ओठ दिसतात. वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. ते कोणतं होतं, मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी ते खाली बसले तेव्हा मी उठले आणि माझंच बोलले. इंग्रजीत बोलले, मराठीत ते असं होईल:

"युवर ऑनर, एक माणूस मेला, हे खरं आहे. त्याला यानंच मारलं का, हे या कोर्टानं अजून कुणालाच विचारलेलं नाही. विचारून होईपर्यंत याला घरी राहू द्या."