जाळं ठेवा, माणूस सोडा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या सूचनाफलकावर एका वक्तृत्व स्पर्धेचा कागद लागला. जगात चालू असलेला एखादा संघर्ष निवडायचा, दोघांनी मिळून त्यावर उपाय सुचवायचा आणि तो ठरावासारखा लिहून सात मिनिटांत मांडायचा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहिला क्रमांक मिळवणारा ठराव दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवला जाईल. मी प्रमाणपत्राचं वाचलं. माझ्या मैत्रिणीने ती खालची ओळ वाचली.

ती डहाणूच्या किनाऱ्यावरची, कोळीवाड्यातली. मी तलासरीच्या डोंगराकडची. आमच्या घरात भात आणि नाचणी पिकते, आणि समुद्र मी शाळेच्या सहलीत बोर्डीला पहिल्यांदा पाहिला. तिचे वडील दर हंगामात गुजरातच्या बंदरातून मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोट हद्द ओलांडून गेली म्हणून पाकिस्तानने पकडली आणि ते तिकडच्या तुरुंगात होते. आमच्या भागात ही बातमी नवी नाही. दर काही वर्षांनी एखाद्या घरावर ती येते. तिकडचे मच्छीमारही असेच आपल्याकडच्या तुरुंगात असतात, हे मला तिच्याकडूनच कळलं.

मला युक्रेनवर बोलायचं होतं. मोबाईलवर माहिती तयार मिळत होती.

"तुझं युक्रेन तिथेच राहू दे," ती म्हणाली. "कोणी ना कोणी बोलेलच त्याच्यावर. आपण समुद्रावर बोलू."

"पण तू रडायला लागलीस तर?"

"मी कशाला रडू? मला ठराव पाठवायचाय."

आम्ही लायब्ररीत बसून मसुदा करायला घेतला. मी संयुक्त समिती, विश्वासवर्धक उपाययोजना, असे मोठे शब्द जमवले. ती ऐकून घ्यायची आणि मग तिच्या गावची रीत सांगायची. किनाऱ्यावरच्या गावांच्या जाळी लावायच्या जागा ठरलेल्या असतात. दुसऱ्या गावची बोट आपल्या जागेत सापडली तर तिचं जाळं काढून घ्यायचं, माणसांना चहा पाजायचा आणि त्याच भरतीला परत पाठवायचं. मग त्यांच्या गावची चार मोठी माणसं येतात, बोलणं होतं, जाळं परत जातं.

"माणूस का नाही ठेवत?" मी विचारलं.

"माणूस ठेवला की त्याची बायको येते, आई येते, मग सगळा गाव येतो. जाळं ठेवलं तर फक्त मोठी माणसं येतात." मग ती म्हणाली, "इथे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर बघून बाबांना कळायचं आपण कुठे आहोत. तिकडे गुजरातच्या समुद्रात चारी बाजूंनी पाणीच. तिथे काय बघणार होते ते?"

तिचा मुद्दा मला आवडला, पण जरा गावठी वाटला. मी तो ठरावाच्या शेवटी घातला आणि शेवटचं दीड मिनिट तिला दिलं. बाकीचं माझं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. कोणी गाझावर बोललं, कोणी सुदानवर. आमची पाळी आली आणि मी सुरुवात केली. पाड्यावरून आलेली मुलगी एवढ्या लोकांपुढे बोलतेय, हे माझं मलाच इतकं भारी वाटलं की मी लिहून आणलं होतं त्यापेक्षा जास्त बोलत गेले. टाळ्या पडल्या तेव्हा थांबले, पुन्हा बोलले. ती शेजारी कागद हातात धरून उभी होती. तिने तोंड उघडलं आणि घंटा वाजली.

"सर, एकच मुद्दा राहिलाय," ती परीक्षकांना म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा, बाळा."

आमचा क्रमांक आला नाही. मला मात्र उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मिळालं. स्टेजवरून उतरले तेव्हा ती रागावलेली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता आपला ठराव जाणार नाही ना?"

तो प्रश्न आजही आठवला की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमकडे मी सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. "ठराव पाठवायला पहिला नंबर कशाला लागतो?" म्हणाल्या. "सुवाच्य अक्षरात लिही. मी सही करते." त्यांनी सही केली, प्राचार्यांकडून शिक्का आणला. मी जे काही शिकले त्यात त्या वाक्याचा वाटा मोठा आहे. आम्ही दोघींनी पोस्टात जाऊन तो कागद रजिस्टर केला. काही आठवड्यांनी पोचपावती परत आली, त्यावर कोणाची तरी वाचता न येणारी सही होती. पोचलं म्हणजे वाचलं असं नाही, हे मी मैत्रिणीला सांगितलं. "माहितेय," ती म्हणाली. तिच्या आईने मात्र ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवली.

पुढच्या वर्षी तिचे वडील सुटून आले, आणखी बऱ्याच जणांबरोबर. मी भेटायला गेले. ते खूप वाळले होते आणि दाराकडे पाठ करून बसत नव्हते. मैत्रिणीनेच त्यांना विचारलं, तिथे कागदाचं कोणी काही बोललं होतं का.

"कसला कागद?" ते म्हणाले. "सकाळी नावं वाचली. माझं नाव आलं. माझ्या शेजारी झोपायचा त्याचं नाही आलं."

पण मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, बोंबील वाळत घालताना, बाजारात बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं होतं की पोरींच्या कागदाने माणूस आणला. म्हणून आता त्या शेजारी झोपणाऱ्याची बायको ओटीवर येऊन बसली होती. हातात नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स. तिच्यामागे आणखी दोघी.

मी मैत्रिणीला आत नेलं. "अगं, हे खोटं आहे. त्यांना सांगायला हवं."

"सांग," ती म्हणाली. "पण आधी लिहून दे. मग सांग."

मी लिहायला बसले. तिघींचे तीन कागद झाले. प्रत्येकीला नाव, गाव, बोट कुठल्या बंदरातून निघाली ते विचारलं. मग पेन ठेवून मी सांगितलं की माणसं कागदामुळे सुटली नाहीत, हे कागद कोणी वाचेलच असं नाही, मी साधी पदवीधर आहे, माझ्या हातात काही नाही.

पहिलीने शांतपणे ऐकून घेतलं. कागदाची घडी केली, पदराआड ठेवली आणि विचारलं, "पोस्ट किती वाजता बंद होतं गं?"