लोखंड्याची बोटं

रश्मी ओव्हाळनं लोखंड्या पहिल्यांदा काढला तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. पिंपळे सौदागरला एका स्वीट मार्टच्या वरच्या मजल्यावर आमचं गेम बनवायचं ऑफिस होतं. दोन खोल्या, नऊ माणसं आणि दिवसभर खालून येणारा तळणाचा वास. मी उदगीरहून आलेला, रश्मी दापोडीची. ती चित्रं काढायची, मी त्या चित्रांना कॉम्प्युटरवर शरीर द्यायचो, चालायला लावायचो. विजयश्री मॅडमनी आयटीतली नोकरी सोडून ही कंपनी काढली होती आणि पहिला गेम ठरला होता ‘काळदरी’. दरीखालच्या बंद पडलेल्या खाणीत खेळणारा उतरतो, एकेक दालन पार करत खाली जातो. सगळ्यात शेवटच्या दारावर एक राक्षस हवा होता.

बाकीच्यांनी काढले ते शिंगांचे आणि सुळ्यांचे होते. रश्मीचा त्यातला नव्हता. पाठीत वाकलेला, छातीच्या जागी गंजका पत्रा, मान खांद्यांत रुतलेली. डाव्या हाताला पाच बोटं, उजव्याला फक्त अंगठा आणि करंगळी. खाणीतल्या यंत्रानं चेपला, पण मेला नाही, लोखंड होऊन तिथंच राहिला, अशी तिनं त्याची चार ओळींची गोष्ट लिहिली होती.

हा लोखंड्या आपण होऊन अंगावर येत नसे. भिंत चाचपत येरझाऱ्या घालायचा. खेळणारा मशाल घेऊन जवळ गेला की तो तुटका हात वर उचलायचा. आता हा मारणार, असं वाटून खेळणारा वार करायचा, मग मात्र लोखंड्या चवताळून त्याला दगडावर आपटायचा. खरं तर तो हात उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून उचललेला असायचा. मशाल विझवली की लोखंड्या मुकाट बाजूला सरकून वाट द्यायचा. गेममध्ये हे कुठंही सांगितलेलं नव्हतं.

“अगं, कळणार कुणाला हे?” मी विचारलं.

“दहा वेळा मेल्यावर माणूस जरा विचार करतो,” ती म्हणाली.

तिचं खरं निघालं. दोन हजार सतराला गेम आला आणि दोन महिन्यांत लोकांना मशालीची गोष्ट सापडली. पोरांनी व्हिडिओ टाकले. ‘लोखंड्याला मारू नका’ असंच एकाचं नाव होतं. मॅडमनी केक आणला. त्या आठवड्यातल्या रविवारी रश्मीनं मला घरी चहाला बोलावलं.

दापोडीत रेल्वे लाइनजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचे वडील धम्मरत्न काका दाराशी आले, “जयभीम, या” म्हणाले आणि नमस्काराला हात जोडले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी होती. मधे काही नव्हतं. मी रश्मीकडं पाहिलं. ती चहा ओतत होती.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये काका पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भार खाली येतो. म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बटणांवर असतात, मशीनखाली राहत नाहीत. पण तसं केलं तर तासाला नग कमी निघतात. म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवायला लावलं होतं. डाव्या हातानं दुसरं बटण दाबायचं, उजव्यानं पत्रा सरकवायचा. सगळ्या मशीनवर तसंच चाललेलं. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये, दुसऱ्या शिफ्टला, काकांचा उजवा हात आत राहिला. दवाखान्यात नेऊन परत आणेपर्यंत चिकटपट्टी निघालेली होती. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.’ काकांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तो कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला तो रश्मीनं. तेव्हा ती अकरावीत होती.

मी गेलो तेव्हा ते सांगवीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते. रश्मीनं त्यांच्या हातात फोन दिला. ते बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले.

“ह्यो मीच हाय न्हवं?”

“हो पप्पा.”

“मग मला मारायचं असतंय का ह्यात?”

“नाही. मशाल विझवायची. इथं दाबा.”

त्यांनी फोन मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबलं. अंधार झाला, लोखंड्या बाजूला सरकला. काका एकदम हसले. “गुणाचा हाय की गडी. वाट देतोय!” मग त्यांनी तो भाग आणखी तीनदा खेळून दाखवला, मला आणि शेजारच्या केसरबाईंना बोलावून त्यांनाही.

दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा मॅडम आकडे घेऊन आल्या. दहातले सात जण लोखंड्याशी न लढताच पुढं जात होते.

“व्हिडिओ बघून येतात, मशाल विझवतात, संपलं. शेवटच्या दारावर लढाईच होत नाही,” त्या म्हणाल्या.

“पण तो वाईट नाहीये मॅडम,” रश्मी म्हणाली.

“रश्मी, तो राक्षस आहे.”

लोखंड्याची उंची दुप्पट झाली. पाठीतून जळत्या नळ्या निघाल्या, डोळ्यांत निखारे आले. मशाल विझवली तर तो आणखी पिसाळायचा. हातात हत्यार द्यायचं ठरलं, पण अंगठा आणि करंगळीत हत्यार धरता येत नाही. मग त्या दोन बोटांचेच दोन आकडे करायचे, खाटकाकडं असतात तसे. हे चित्र रश्मीनं स्वतः काढलं. मी म्हटलं, नको वाटत असेल तर मी बघतो. ती म्हणाली, “दुसऱ्या कुणी काढलं तर लोखंड्याचा हा हातच जाईल.”

काकांनी दुसरा भाग फोनवर घेतला. मशाल विझवली. लोखंड्यानं त्यांना जाळलं. पुन्हा विझवली, पुन्हा जळाले. चार दिवस ड्यूटीवर बसून ते हेच करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मुलीला विचारलं, “माझं काय चुकतंय गं?”

“तुमचं काही चुकत नाही पप्पा. मी बदललंय त्याला.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

“मॅडमनी.”

“मग ऱ्हाऊ दे. नोकरी हाय,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात घातला. हे मला रश्मीनं दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. नंतर डबा तसाच झाकून ठेवला.

तिसऱ्या भागाआधी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली. ऑफिस हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेलं. मॅडम राहिल्या, मला बढती मिळाली, आणि रश्मी माझ्या हाताखाली आली. वयानं, अनुभवानं ती पुढं होती. मी तो विषय कधी काढला नाही.

नव्या मालकांचं म्हणणं असं की लोखंड्या लोकांच्या ओळखीचा आहे, तर तो एकच कशाला, भरपूर ठेवा. एका वेळी चाळीस. दार राखायचं काम गेलं. आता ते घोळक्यानं धावत यायचे आणि एका वारात मरायचे. खरा राक्षस पुढं वेगळाच होता.

पण चाळीस लोखंडे म्हटल्यावर साधा फोन अडकायचा. अशा वेळी एक सोपा उपाय असतो. अर्धंच शरीर बनवायचं आणि आरशात दिसावं तसं उलटं करून दुसरी बाजू जोडायची. काम निम्मं होतं. फक्त दोन्ही बाजू सारख्या लागतात. मी डावी बाजू घेतली, कारण ती धड होती. एका क्लिकमध्ये लोखंड्याच्या उजव्या हाताला पाच बोटं आली.

रश्मी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

“बोटं कुठून आली?”

“मेमरी वाचते गं. फोनवर चालायला हवं ना.”

तिनं स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्यासारखं केलं. “चाळीस लोखंडे. चारशे बोटं.”

“गेम आहे राव, रश्मी. इतकं काय.”

ती जागेवर जाऊन बसली. मला तेव्हा राग आला होता, आणि तो कशाचा हे मला चांगलं माहीत होतं.

चौथा भाग लहान मुलांसाठी काढला. पाठीचा बाक गेला, गंज गेला. गोल पोट, बशीएवढे डोळे, जिंकल्यावर नाचायचं. नावही लोखंड्या राहिलं नाही, ‘लोखू’ झालं. डब्यांवर, दप्तरांवर लोखू आला. चिंचवडच्या बाजारात मी लोखूचा फुगा पाहिला. रश्मी सांगितलं तेवढं काढत होती. वेळेवर यायची, वेळेवर जायची. नवीन मुलांना तर लोखंड्या मुळात तिचा, हेही ठाऊक नव्हतं.

मग चाकणच्या एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीनं सुरक्षा सप्ताहासाठी लोखू मागितला. गेटवर लावायला पोस्टर, बसवर लावायला स्टिकर. काम रश्मीकडं गेलं. मजकूर त्यांनीच पाठवला होता. लोखू डोक्यावर हेल्मेट घालून, अंगठा दाखवून म्हणतो, ‘अपघात मशीनमुळे नाही, निष्काळजीपणामुळे होतात!’

मीटिंगमध्ये आम्ही सात जण होतो. रश्मीनं कागद वाचला आणि टेबलावर पालथा घातला.

“हे मी नाही काढणार.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“हे वाक्य मी एकदा वाचून दाखवलंय. पुन्हा नाही.”

आणि मग तिनं सांगितलं. दोन बटणं, चिकटपट्टी, मार्च महिना, तो कागद. पहिल्या लोखंड्याला बोटं का नव्हती ते. आवाज चढवला नाही, कुणाकडं पाहिलं नाही. इतक्या वर्षांत ऑफिसात तिनं हे कधी काढलं नव्हतं. माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मी बोटं चिकटवून बसलो होतो.

मॅडमनी तो पालथा कागद सरळ करून स्वतःपुढं ओढला.

“वाईट वाटलं गं ऐकून, खरंच,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. “पण ही कंपनी वेगळी आहे. यांनी काय केलंय?” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “सुजित, तू करशील ना?”

मी हो म्हटलं.

रश्मीनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पोस्टर मी एका दुपारीत संपवलं. आठ दिवसांनी चाकण चौकात कंपनीच्या बसच्या मागं लोखू अंगठा दाखवत चालला होता, आणि मी त्या बसमागं स्कूटरवर.

जाताना तिनं एकच मागितलं होतं, तिची वही. पहिल्या लोखंड्याची सगळी चित्रं त्या वहीत होती, निम्मी तर तिनं घरी काढलेली. ऑफिसनं सांगितलं, नोकरीत असताना काढलेलं सगळं कंपनीचं. चौथ्या भागाच्या नावांच्या यादीतूनही तिचं नाव काढून टाकलं, ‘मूळ कल्पना’पुढं कंपनीचं नाव आलं. तिसऱ्या भागाच्या वेळी बघायला घेतलेली ती वही माझ्याच टेबलाच्या खणात होती. बॅगेत टाकून न्यायला एक मिनिट लागलं असतं. मी रोज ठरवायचो आणि रोज गेटवर बॅग तपासणारा गार्ड डोळ्यांपुढं यायचा. पावसाळ्यात आम्हाला वरच्या मजल्यावर हलवलं. मी सोमवारी आलो तर जुनी टेबलं रिकामी करून सगळा कागद रद्दीत गेला होता.

मी फोन केला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलं, वही आणतोयस म्हणून फोन केलास.” आणि ठेवला.

महिनाभरानं दापोडीला गेलो. रश्मी घरी नव्हती. काकांनी आत बसवलं, स्वतः चहा केला. आता ते थकले होते, वॉचमनकी सोडली होती.

“ते पोस्टर तूच काढलंस न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“बघितलं म्या. मोशीला पाव्हण्याकडं गेल्तो, तवा बसवर होतं. चित्र चांगलं काढलंस.” त्यांनी कप खाली ठेवला. “आमचा सुपरवायझर बी वाईट न्हवता बरं का. पोराच्या बारशाला पेढं वाटलं हुतं त्यानं. त्याला वरनं सांगितलं, त्यानं पट्टी लावली.”

ते रागानं बोलले असते तर मला बरं पडलं असतं. मी चहा संपवला आणि निघालो. त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला.

रश्मी आता सांगवीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. माझा मावसभाऊ नवनाथ यानं गेल्या महिन्यात गॅरेज टाकलं, त्याला बोर्ड हवा होता. दुसरी दुकानं होती. पण मी तिच्याच दुकानात गेलो. ती कॉम्प्युटरवर कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कार्यकर्त्यांचे चेहरे गोल कापून ओळीनं लावत होती. मान वर करून तिनं पाहिलं. ओळखलं.

“साइज?” तिनं विचारलं.

“दहा बाय चार.”

“नाव सांग. उद्घाटन कधी आहे?”

मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. तिनं लिहून घेतलं. पाचव्या भागाचं काम चालू आहे, काका कसे आहेत, असलं बरंच मी येताना मनात जुळवून आणलं होतं. दुकानात आणखी दोघं थांबले होते.

“उद्या चारनंतर ये,” ती म्हणाली. “मी नसेन, इथली दिव्या देईल.”

मग तिनं पुढच्या माणसाकडं पाहून हात पुढं केला आणि त्यानं तिला आपला पेन ड्राइव्ह दिला.