सुमेधाताईंचा डबा आयर्लंडला जातो

सुमेधाताईंची घावनं उलव्याच्या त्या सोसायटीत कोणी खाल्ली नाहीत, असं विचारलं तर फक्त लिफ्टचं नाव निघेल. वॉचमन, दूधवाला, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळे खाऊन गेलेले. पैसे? खाणाऱ्याकडून पैसे घेणं म्हणजे ताईंच्या लेखी पाहुण्याच्या चपला चोरणं.

आणि अशा बाईला लेकीने, निशिगंधाने, आयर्लंडला धंदा करायला बोलावलं! तिथे शनिवारी बाजार भरतो, तंबू ठोकून लोक खायचं विकतात. नोकरीला कंटाळलेल्या निशिगंधाने आईची घावनं विकायचं मनावर घेतलं, पहिल्या शनिवारचं भाडंही भरलं. ताईंना धास्ती एकच. आपण ऐनवेळी सगळं फुकट वाटू आणि पोरीचा धंदा पहिल्याच दिवशी बुडवू.

"टेन्शन नको, प्रॅक्टिस करू," यजमान जयप्रकाश म्हणाले. रिटायर झालेल्या माणसाला काम मिळालं की तो कोणाचं ऐकतो? त्यांनी क्लब हाउसात टेबल मांडलं, तवा तापवला आणि शेजाऱ्यांना गोरे व्हायला लावलं. स्वतः टाय बांधून पहिलं गिऱ्हाईक झाले.

"हॅलो मॅडम, हाऊ मच?"

"अहो, काय हे ध्यान! बसा, गरम आहे तोवर खा."

दुसरं गिऱ्हाईक सोसायटीचे सेक्रेटरी हरेश, गॉगल लावून. "तीन घेतो, दोनचे पैसे लावा."

"गोरे घासाघीस करत नाहीत!" जयप्रकाश ओरडले.

"मग बाजारात येतात कशाला?" हरेशना खरंच कळेना. शेवटी त्यांनी पाकीट काढलं, तर ताईंनी हात मागे घेतले आणि वर नारळाच्या रसाची वाटी दिली.

पीठ संपलं, गल्ला कोरडा. ताईंचे डोळे भरून आले. "मी जातच नाही. लेकीचं वाटोळं करायला विमानाचं तिकीट कशाला?"

समोरच्या फ्लॅटमधल्या भिमाबाई, मूळच्या नांदेडकडच्या, हात पुसत म्हणाल्या, "ताई, तुमी मागं डब्यात घावनं पाठवली. मी डबा कसा परत दिला?"

"तिळाची चटणी घालून."

"का? रिकामा डबा कुनी परत देत न्हाई म्हनून. तसंच समजा. गल्ला नकाच ठेवू, डबा ठेवा. लोक त्यात पैसे टाकतील, तो भरून परत आला म्हनायचं."

हे मात्र ताईंना पटलं. झाकणावर नाव कोरलेला स्टीलचा डबा साड्यांच्या घडीत बसून विमानाने गेला.

शनिवारी ताई तंबूत उभ्या राहिल्या. पहिलं घावन फाटलं, पहिलं फाटतंच. पुढची दोन मात्र जाळीदार उतरली. ती त्यांनी डब्यात घातली आणि शेजारी अंडी विकणाऱ्या म्हातारीला देऊन आल्या.

"आई! डबाच देऊन टाकलास? पैसे कशात घेणार?"

"अगं बाई!" ताईंनी कपाळावर हात मारला.

पण डब्याची गरजच पडली नाही. लोक कार्ड काढत, निशिगंधाच्या हातातलं मशीन टुक करी, माणूस घावन खात निघून जाई. दुपारपर्यंत पीठ संपलं. निशिगंधा नाचायची तेवढी बाकी होती. ताई मात्र तोंड पाडून बसल्या. सगळ्या गावाला खाऊ घातलं आणि परत आलं काय, टुक! असलं खाऊ घालणं आपल्याच्याने होणार नाही, हे लेकीला कसं सांगावं?

इतक्यात म्हातारी आली. डबा धुऊन पुसलेला. ताईंनी झाकण उघडलं. आत सहा तपकिरी अंडी. हिला कोणी शिकवलं? भिमाबाई तर उलव्यात होत्या.

ताईंनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलवर जयप्रकाश आणि भिमाबाई डोक्याला डोकं लावून वाकले होते. त्यांनी नुसता डबा पुढे धरला.

"बघा! म्या म्हनलं न्हवतं?" भिमाबाई म्हणाल्या.

"निशी," डोळे पुसत ताई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारचं भाडं भरून टाक."

"अगं, पण मग मी इथे जेवू काय?" जयप्रकाश कळवळले.

"माझ्याकडं डबा आना की," भिमाबाई म्हणाल्या. "पन साहेब, रिकामा नका आनू."