बेरीजकाका आणि पिसं काढलेला पक्षी

गल्लीत त्यांना सगळे बेरीजकाका म्हणत. कॉम्प्युटर जोडून देणं हा त्यांचा धंदा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेरीज मांडल्याशिवाय ते पेचकस हातात घेत नसत. प्रोसेसर किती वॅट खाणार, ग्राफिक्स कार्ड किती, पंखे आणि डिस्क किती. वर चौथाई जास्त. मग त्या आकड्याला पुरेल असा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला वाटून देणारा लोखंडी डबा.

त्याआधी ते गिऱ्हाइकाच्या शेजारी अर्धा तास स्टूल टाकून बसत. "तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता बघतो." वकिलासारखी गिऱ्हाइकं वैतागत. काका हलत नसत. "चपला घेताना पाय दाखवता ना? मग?" तीस वर्षांत त्यांचं एकही मशीन वीज अपुरी पडून बंद झालं नव्हतं.

आणि आता लेकीचंच होत होतं.

लेक हलती चित्रं करायची. पृथ्वीवरून नाहीसा झालेला एक पक्षी तिला एका संग्रहालयासाठी पडद्यावर उडवून दाखवायचा होता. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. हुकलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी गेलं असतं. मशीन बापानं जोडलेलं. पण शेवटचं चित्र तयार करायला लावलं की दहाव्या मिनिटाला खट्. पडदा काळा.

मंगळवारपासून काका मागे लागले होते. सॉकेट बदललं. वायर बदलली. धूळ काढली. मग शेजारच्या दुकानातल्या फ्रीजवर संशय घेतला.

"बाबा, डबाच कमी पडत नसेल ना?" लेकीनं भीत भीत विचारलं.

"साडेचारशेचा आहे. बेरीज करून बसवलाय."

विषय संपला. बेरजेवर शंका म्हणजे थेट मिशीला हात.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," आई आतून म्हणाली. "अहो, त्या फ्रीजवाल्याला सोडा बिचाऱ्याला. पोरगी काय करते, ते विचारलंत का कधी?"

"मला माहीत नाही होय? चित्रं काढते."

"कशाची?"

काका खोकले.

शुक्रवारी सकाळी ते पुन्हा सॉकेट उघडायला तिच्या खोलीत गेले. पडद्यावर पक्षी होता. अंगावर इथे चार पिसं, तिथे चार. मधे नुसती कातडी.

"आजारी आहे का गं हा?"

"नाही. मी पिसं काढलीत."

"का?"

"पिसं कमी असली की मशीनला काम कमी. तेवढ्यानं तरी टिकेल म्हटलं."

"किती काढलीस?"

"निम्म्याहून जास्त."

काका मटकन खाली बसले. फरशीवरच. चार दिवस बाप सॉकेट बदलत होता आणि पोर पक्षी सोलत होती.

"कर बरं चालू," ते म्हणाले. "मी बघतो."

तिनं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे चढत गेले. प्रोसेसर पूर्ण. कार्ड पूर्ण. दोन्ही एकाच वेळी.

ऑफिसच्या मशीनमध्ये असं होत नाही. तिथे एक राबतो तेव्हा दुसरा आळस देतो. म्हणून काका प्रोसेसर नेहमी निम्मा धरत. लेकीच्या वेळीही निम्माच धरला होता. तिच्या शेजारी ते बसलेच नव्हते. घरचंच माणूस, त्यात काय बघायचं?

खट्.

त्यांनी पुठ्ठा ओढला. "प्रोसेसर पूर्ण, दीडशे. कार्ड दोनशेवीस. पण ते मधेच दचकतं, तेव्हा क्षणभर दीडपट ओढतं. तीनशेतीस धर. बाकीचं पासष्ट."

"पाचशेपंचेचाळीस."

"आणि मी बसवलाय साडेचारशेचा." ते तिच्याकडे बघत नव्हते. "चुकलं माझं, पोरी."

बापाच्या तोंडून हे वाक्य तिनं याआधी ऐकलं नव्हतं. "चहा टाकू?" ती म्हणाली.

"नंतर."

ते आपल्या दुकानातून साडेसातशेचा डबा घेऊन आले. अर्ध्या तासात बसवला. तोवर साडेअकरा वाजले होते.

"घाल पिसं परत. सगळी."

तिनं घातली. काका डोळे बारीक करून बघत राहिले.

"पोटाखाली नाहीत?"

"तिथे कधी घातलीच नव्हती. कुणाला दिसत नाहीत, बाबा. उगीच भार."

"घाल. मी बेरजेत धरलीत."

चित्र सुरू झालं. दहावं मिनिट आलं. अकरावं लागलं. पंखा एकसुरी फिरत होता.

आईनं चहा आणून ठेवला. दुकानातून दोनदा बोलावणं आलं. काका उठले नाहीत.

"हा राहायचा कुठं गं?"

"बेटांवर. उडायला फार उशिरा शिकायचा म्हणे."

"का?"

ती सांगू लागली. साडेतीनला पक्षी पाठवून झाला, तरी सांगतच होती.